न चाखता

ग्लासात वाईन होती, दोन बोटं, फिकट पिवळी, आणि तिला वास नव्हता. गोदावरीनं ग्लास नाकाशी धरला, सवयीनं डोळे मिटले, सावकाश श्वास आत घेतला आणि आत आली ती नुसती गार हवा. तिनं डोळे उघडले. समोर भाचा आलोक खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याच्या शेजारी नांदेडच्या एका नव्या हॉटेलातून आलेली देविका, मांडीवर वही, हातात पेन. दोघंही तिच्या नाकाकडं बघत होते. एरवी कुणी असं नाकाकडं टक लावून बघितलं असतं तर तिनं दोन शब्द सुनावले असते; आज ती मंडळी त्याचसाठी आली होती. "फार गार आहे," ती म्हणाली. "जरा राहू दे." आलोकनं लगेच देविकाकडं वळून सांगितलं, "बघा मॅडम, गार असली की वास दबतो. आत्याला हे कुणी शिकवलेलं नाही." देविकानं तेही लिहून घेतलं. गोदावरीनं ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. तळवे घामानं ओले झाले होते, हे तिला काचेवरून कळलं.

सेहेचाळीस वर्षांत तिनं दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता आणि आजही लावणार नव्हती. ती अट तिनं आधीच घातली होती. बाटल्या पुढच्या खोलीतच राहतील, ग्लास तूच आणायचे आणि तूच घेऊन जायचे, आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून यातलं काही आत येणार नाही. आलोकनं सगळं कबूल केलं होतं. द्राक्षं विकायची सोडून औशाच्या बाजूला वाईनच्या चार टाक्या मांडून बसलेला हा भाचा म्हणजे घरात न काढण्याचा विषय. पण भाऊ गेल्यापासून त्याला आत्याशिवाय कुणी नव्हतं, आणि आत्यालाही, खरं बोलायचं तर, त्याच्याशिवाय कोण होतं? तीन आठवड्यांपूर्वी तो सहज एक बाटली दाखवायला आला होता. तिनं लांबूनच हुंगून म्हटलं, "हिला हिरव्या पेरूचा वास आहे. हिच्याबरोबर काकडी दे, तळलेलं देऊ नकोस." आलोक तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या पुण्याच्या जाणकारानं पैसे घेऊन जे सांगितलं होतं तेच आत्यानं ओट्यावर कणीक मळता मळता सांगितलं होतं. मग हे हॉटेल, तिथली उन्हाळी थाळी, आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन याचं छापायचं कार्ड. ते कार्ड गोदावरीच्या नाकावर ठरणार होतं. लक्ष्मम्मा, तिच्याकडं अकरा वर्षं पोळ्या लाटणारी, तोंडाला पदर लावून हसली होती. "ताई, पिणाऱ्याला नशा चढती. हुंगणाऱ्याला काय व्हतंय?"

या नाकाला वळण लावलं ते माहेरच्या नांदेडच्या स्वयंपाकघरानं. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ चाखायचा नाही, आणि आई तर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस नैवेद्य दाखवायची. म्हणजे मीठ चाखून बघायचं नाही, वासावर बघायचं. वरण शिजलं का, ताक किती आंबलं, फोडणीत हिंग चार दाणे जास्त पडला का, सगळं वासावर. आई पातेल्यावर वाकायची, हातानं वाफ नाकाकडं ओढून घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी आहे." मिठाला वास नसतो हे गोदावरी पुढं शाळेत शिकली, पण आईचं कधी चुकलं नाही आणि नंतर तिचंही नाही. यजमान रेणुकादास गेले तेव्हा पदरात एवढंच होतं, हे नाक आणि त्यांच्या शाळेच्या नोकरीतून आलेलं हे घर. त्याच सुमारास लातूरची मुलं बोर्डात झळकायला लागली, आणि लोह्याहून, हदगावहून, अर्धापूरहून आईबाप लेकींना घेऊन एसटीतून उतरायला लागले. मागच्या खोलीत दोन मुली जेवायच्या, त्यांच्या चार झाल्या, आता बासष्ट डबे जात होते. लातुरात मेसना तोटा नव्हता. पण गोदाकाकूंचं जेवण बाधत नाही, असं आया एकमेकींना सांगत. ते खरंच होतं. वासात जरा वावगं वाटलं की ती पातेलंच्या पातेलं मोरीत ओतायची, महिन्यातून एकदा तरी, कुणाला न विचारता. आणि त्या स्वयंपाकघरात ओट्याशी कुणी कधी काही चाखायचं नाही, लक्ष्मम्मानंही नाही, हा नियम अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

काच आता कोमट झाली होती. तिनं पुन्हा नाक खुपसलं, या वेळी जरा जास्तच. काही नाही. तिनं ग्लास ठेवला आणि टेबलावर मांडलेल्या पदार्थांवरून हात फिरवल्यासारखं करत मान खाली घातली. काकडीची कोशिंबीर, दही आणि धपाटे, कैरी-कांद्याचा तक्कू, भरलं वांगं, ज्वारीची आंबील, आणि कडेला वाटीत आमरस. केशर आंबा, सकाळी तिनंच पिळलेला. तक्कूत कच्चा कांदा होता, वरून हिंग-मोहरीची फोडणी होती. ती त्या सगळ्यावर वाकली आणि तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू आला. वाईन गार असेल, वाईन नवी असेल, पण कांदा? कांद्यानं काय केलंय? तिनं पदराचं टोक नाकाशी नेलं, घाम पुसल्यासारखं. पदराला रोज फोडणीचा वास असायचा, तिला त्याची लाज वाटायची. पदराला आज कशाचाच वास नव्हता.

कधीपासून? आठ दिवसांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता. दोन दिवस अंग मोडून आलं, नाक चोंदलं, डॉक्टरांनी नाकात घालायला थेंब दिले, तिसऱ्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली. परीक्षेचे दिवस, बासष्ट पोरींचं जेवण, पडून राहायला फुरसत कुठली? नाक मोकळं झालं होतं, श्वास येत होता, म्हणजे सगळं जागच्या जागी आलं असं ती धरून चालली. पण वास? तिनं आठवून बघितलं. परवा लसणाची फोडणी दिली तेव्हा लसणाचा वास आला होता. आला होता का? लसूण लालसर झाला, तेल तडतडलं, आणि तीस वर्षांत अशा वेळी जो वास येतो तो आपोआप आला. डोळ्यांनी आणला, कानांनी आणला. मेलेल्या माणसाच्या खोलीत त्याची खाकर ऐकू येते तसा. रेणुकादास गेल्यावर महिनाभर तिला ती ऐकू येत होती, आणि ती ऐकू येतेय याबद्दल तिला कधी शंकाही आली नव्हती.

"बोला मॅडम," देविका म्हणाली. ती मूळची नांदेडचीच, शिकून पुण्याला राहिलेली, बोलायला गोड आणि नजरेनं तीक्ष्ण. गोदावरीनं रंगाकडं बघितलं. फिकट, कडेला हिरवट झाक. तीन आठवड्यांपूर्वीची ती हीच असणार. "हिरवा पेरू," ती म्हणाली. "आणि जरासं ओलं गवत. ही काकडीच्या कोशिंबिरीबरोबर. कोशिंबिरीत दाण्याचा कूट कमी घाला, नाहीतर ही मरून जाईल." देविकाचं पेन भरभर चाललं. आलोकचा चेहरा उजळला. इतकं सोपं होतं हे? तिला वाटलं होतं की आवाज तरी कापेल, पण आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता, आईचा आवाज, मीठ कमी आहे म्हणणारा. दुसरी पांढरी जरा गडद होती आणि ग्लास हलवला की काचेवरून जडपणे खाली यायची. तिनं तिला खरबूज म्हटलं आणि दही-धपाट्यांकडं पाठवलं. "धपाट्यातल्या तिखटाला हिचा गोडवा आवरून धरेल." आलोक म्हणाला, "आत्या, काय बोललीस तू." देविका नुसती हसली आणि तिनं ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. गोदावरीला घाम फुटला होता, आणि त्या घामात लाजेइतकाच एक वाह्यात आनंदही होता. चाललं की. नाक नसतानाही चाललं. कुणाला काही कळलं नाही, आणि वास परत येईपर्यंत कुणाला कळायचं कारणही नव्हतं. सर्दीनं जातो, आठ-पंधरा दिवसांत येतो. तोवर सवयीवर निभेल, जसं गेले आठ दिवस निभलं.

आठ दिवस निभलं म्हणजे आज सकाळीही निभलं. आणि मग तिला आमटी आठवली.

तूरडाळ काल संध्याकाळीच शिजवून ठेवली होती. सकाळी सहापासून वीज जाते, टाकीत पाणी चढत नाही, म्हणून गेले चार दिवस ती डाळ आदल्या दिवशीच शिजवत होती. रात्री वीज पुन्हा तीन तास गेली, फ्रिजचं पाणी फरशीवर आलं. डाळीचं मोठं पातेलं फ्रिजमध्ये मावतच नाही, ते परातीत पाणी घालून त्यात ठेवलेलं असतं. मे महिना, बाहेर बेचाळीस. सकाळी झाकण काढलं तेव्हा कडेला थोडा फेस होता. लक्ष्मम्मानं पोळपाटावरनं मान वर करून म्हटलं होतं, "ताई, फेस आलाय जनू." गोदावरी पातेल्यावर वाकली होती, हातानं हवा नाकाकडं ओढली होती आणि म्हणाली होती, "ठीक आहे. ढवळल्याचा फेस आहे." तिला आत्ता ते वाक्य लख्ख ऐकू आलं. ठीक आहे. मग तिनं गूळ घातला, कैरीच्या फोडी घातल्या, उन्हाळ्यात पोरींना कैरीची आमटी आवडते, वरून फोडणी दिली, वाटीभर देवीपुढं ठेवली, पाणी फिरवलं. विटलेलं असेल तर देवीलाही विटलेलंच दाखवलं. आणि पावणेबाराला बालाजीनं आपल्या रिक्षात बासष्ट डबे भरून नेले. उद्या सीईटी होती. दोन वर्षं त्या पोरी ज्यासाठी आईबापांपासून लांब, एका खोलीत तिघीतिघी राहिल्या, रात्री बाराला झोपून चारला उठल्या, तो तीन तासांचा पेपर उद्या सकाळी दहाला होता.

"मॅडम, ही गुलाबी," देविकानं तिसरा ग्लास पुढं सरकवला. भिंतीवर बारा पस्तीस झाले होते. गोदावरीनं ग्लास उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. उगाच घाबरतेय आपण, तिनं स्वतःला समजावलं. डाळ विटली असेलच कशावरून? उकळी आली होती, चांगली पाच मिनिटं. उकळल्यावर काय होतंय? पण उकळून विटलेलं परत चांगलं होत नाही, हे तिनंच लक्ष्मम्माला कितीदा सांगितलं होतं. आत्ता उठून डबे थांबवले आणि आमटी चांगली निघाली तर? परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरींच्या तोंडचा घास काढला म्हणून बोभाटा होईल. तोंडचा घास. हे शब्द तिनं मनातसुद्धा कधी येऊ दिले नव्हते, आणि आज ते आपणहून आले. त्यांच्यामागोमाग साखराबाई आली.

चौदा वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतरचा तिसरा दिवस होता. रेणुकादास तेव्हा औशाला शाळेत होते. शाळेच्या बायका खिचडी करून टेम्पोतून पडलेल्या गावांना नेत, आणि गोदावरी त्यांच्यात होती. बत्तीस वर्षांची, सगळ्यांत ठाम. एका गावाच्या शिवारात टेम्पो थांबला. गाव म्हणजे दगडांचा ढीग होता, पाऊस पडून गेला होता, आणि हवेत तो वास होता, जो त्या आठवड्यात ज्यांनी घेतला त्यांना सांगावा लागत नाही. तीनेकशे माणसं रांगेत बसली होती. पातेल्यांवरचं पोतं काढलं आणि गोदावरी वाकली. खिचडी विटली आहे, ती म्हणाली. पुरुष म्हणाले, पहाटेची तर आहे, चाखून बघा. ती म्हणाली, चाखायची गरज नाही, ओता. तिन्ही पातेली बांधाकडेला ओतली गेली. दुसरा टेम्पो यायला चार तास लागले. त्या चार तासांत साखराबाई नावाची एक म्हातारी, जिचा लेक आणि सून दगडांखालून अजून निघायचे होते, बांधावर जाऊन बसली, वरवरची खिचडी चिमटीनं उचलून तिनं तोंडात घातली, सावकाश चावली आणि गोदावरीकडं बघून म्हणाली, "चांगली हाय की गं बाई. कामून वतली?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. गोदावरीला तेव्हाच कळलं होतं, किंवा कळू शकलं असतं, की तो वास खिचडीचा नसेल, शिवारातला असेल, तिच्या लुगड्यात आणि केसांत बसलेला असेल. एक शीत उचलून जिभेवर ठेवलं असतं तर निकाल लागला असता. तिनं ठेवलं नाही. औशाला परत येईपर्यंत टेम्पोतल्या बायका म्हणायला लागल्या की गोदाताईंनी तीनशे माणसं वाचवली. पुढं लातुरात ही गोष्ट तिच्या आधी पोचली, मेसच्या पहिल्या दोन मुली याच गोष्टीवर आल्या. चौदा वर्षं तिनं ती गोष्ट ऐकून घेतली, कधी स्वतःही सांगितली, आणि दर वेळी म्हातारीला वगळलं.

"हिचा रंग बघून फसू नका," ती म्हणत होती. तिचाच आवाज होता. "तक्कूबरोबर द्या. कांद्याचा उग्रपणा झेपेल हिला." मग तिनं ग्लास ठेवला आणि पदराखालून मोबाइल काढून बालाजीला लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. हॉस्टेलच्या मन्मथअप्पांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. ते ऑफिसला कुलूप लावून जेवायला गेले असणार. अजून वेळ आहे, पोरी एकला जेवतात, सकाळची बॅच सुटल्यावर. पुन्हा घड्याळ. बारा बेचाळीस. आणि मग तिच्या लक्षात आलं. आज बॅच नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी क्लास बंद असतात. आज पोरी सकाळपासून खोल्यांमध्येच होत्या, डबा आला की कधीही उघडतील.

"काही प्रॉब्लेम, मॅडम?" देविकानं विचारलं. "नाही," गोदावरी म्हणाली. आलोकनं लाल वाईन ओतली, भरल्या वांग्यासाठी म्हणून, मग शेवटची गोड, आणि आमरसाची वाटी तिच्यापुढं सरकवली. "आत्या, हीच मेन. आमरसाबरोबर काय, ते सांग. थाळीचं सगळं नाव त्याच्यावर आहे." त्याचे डोळे वडिलांसारखे, जरासे ओले, लगेच भरवसा ठेवणारे. इथं बसून आणखी दहा मिनिटं खोटं बोललं तर त्याचं भलं होणार होतं. आणि उठायचं तर काय सांगून उठायचं? डबे परत आणा म्हटलं की का म्हणून विचारणार. नाक गेलं म्हटलं की आत्तापर्यंतचं कार्ड फाडावं लागणार, मग मेस, मग ती खिचडी, एकामागोमाग एक सगळंच. तिला स्वतःची भीती वाटली, कारण ती हा हिशेब अजून करत होती आणि तिकडं पोरी डबे उघडत होत्या. तिनं आमरसाकडं बघितलं. "आमरसाबरोबर काहीच नको," ती म्हणाली. "आमरस नुसताच खावा." आणि ती उठली.

स्वयंपाकघरात लक्ष्मम्मा भिंतीला टेकून बसली होती. ओट्यावर आमटीचं पातेलं होतं, तळाशी दोघींपुरती उरलेली. गोदावरीनं डाव घातला, तळहातावर थोडी ओतून घेतली आणि जिभेला लावली. लक्ष्मम्मा ताडकन उठली. आमटी आंबट होती. पण आंबट तर असणारच, तिच्यात कैरी होती, शिवाय तिखट, गूळ. तिनं आणखी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. आंबट, तिखट, गोड, आणि त्यापलीकडं भिंत. कैरीचा आंबटपणा कुठं संपतो आणि विटल्याचा कुठं सुरू होतो, हे सांगणारं नाकच नव्हतं. "चाख," ती म्हणाली.

"म्या?"

"चाख म्हणते ना."

लक्ष्मम्मानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि लगेच मोरीत थुंकली. "इटलीय ताई." मग खालमानेनं म्हणाली, "सकाळीच वास यिऊन राहिला व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोल्ले की. फेस आलाय म्हनले. तुमी हुंगून म्हनलाव, ठीक हाय." लक्ष्मम्मानं पदरानं बोट पुसलं. "मग मला वाटलं, माझंच नाक बिघाडलं असंल. तुमचं कसं चुकंल?"

पुढच्या खोलीत तिनं आलोकला दोन वाक्यांत सांगितलं. आमटी विटली आहे, डबे गेलेत, गाडी काढ. आणि मग, चपला घालताना, देविकाकडं न बघता: "तुम्ही लिहिलेलं सगळं खोडा. मला आठ दिवसांपासून वास येत नाही. मी बसल्या जागी बनवून सांगत होते." देविका वही मिटून उभी राहिली. आलोकचा चेहरा पडला. गाडीची किल्ली शोधायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला. औसा रोडवरून ट्यूशन एरियात जायला दुपारच्या उन्हात आठ मिनिटं लागतात. ती आठ मिनिटं गोदावरीला अजिबात आठवत नाहीत, एवढंच आठवतं की खिडक्या उघड्या होत्या आणि मोठ्या नाल्याच्या पुलावर आलोकनं नाकाला रुमाल लावला होता, तिला लावावा लागला नव्हता.

हॉस्टेलच्या पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात डबे ओळीनं ठेवलेले होते. ती जिना चढून धापा टाकत पोचली आणि तिनं आधी झाकणं बघितली. बहुतेक बंद होते. पंधरा-वीस पोरी गोल करून बसल्या होत्या, ताटल्या मांडत होत्या, एकीच्या हातात कागदावर सूत्रं होती आणि ती मोठ्यानं म्हणत होती. "काकू तुम्ही?" कुणीतरी म्हणालं. वाटेत तिनं ठरवलं होतं की म्हणायचं, आमटीत पाल पडली. पाल पडते, कुणाच्याही घरी पडते, त्यात कुणाची चूक नसते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि पाल म्हणायला तोंड उघडलं, तर समोर वीस चेहरे, उन्हानं आणि जागरणानं सुकलेले, तिच्याकडं अगदी निर्धास्त बघत होते.

"आमटी खाऊ नका," ती म्हणाली. "विटलेली आहे. मला वास येत नाही. ताप आल्यापासून येत नाही आणि मला ते कळलं नाही. सकाळी लक्ष्मम्मानं सांगितलं, मी तिचं ऐकलं नाही. पोळी-भाजी खा, भाजी आज सकाळची आहे. तीही आधी वास घेऊन खा. तुमचं नाक लावा, माझ्यावर राहू नका."

एका पोरीनं डब्याचं झाकण काढून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं करून मान मागं घेतली. मग दुसरीनं. इतकं सोपं होतं ते, झाकण काढलं की कळत होतं, कुणालाही. आलोक मागून येऊन डबे उचलायला लागला. "अजून कुणी खाल्लं नाही ना?" गोदावरीनं विचारलं. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग हातात सूत्रांचा कागद असलेली म्हणाली, "श्रद्धानं खाल्लंय. ती लवकर जेवते, मग झोप काढते."

लोह्याची श्रद्धा कोपऱ्यातल्या खोलीत गादीवर उठून बसली होती, डोळे चोळत. मेसमधली सगळ्यांत हुशार, सगळ्यांत गप्प. वडील तिला सोडायला आले तेव्हा गोदावरीच्या पाया पडायला वाकले होते, तिनंच अडवलं होतं. खिडकीत डबा धुऊन पालथा घातलेला होता. आपल्या मेसचा डबा पोरी धुऊनच परत द्यायच्या. गोदावरी तिच्यापाशी खाली बसली. "सगळी खाल्लीस?" श्रद्धानं मान हलवली. "कधी?" "बारा-सव्वाबाराला." गोदावरीनं तिच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, उगाच, हाताला काय कळणार होतं? "आता मळमळतंय का?" "नाही." मग जरा थांबून, "आता तुम्ही विचारल्यावर थोडं वाटतंय. कळत नाही." दारात पोरींची गर्दी झाली होती. आलोक डॉक्टरांना फोन लावत होता. उद्या दहाला पेपर होता, आणि मध्ये एकवीस तास होते. त्यातल्या कोणत्या तासाला काय होईल हे सांगणारं कुणीच नव्हतं.

"आंबट नाही लागली तुला?" गोदावरीनं विचारलं. "वास नाही आला?"

"आला ना," श्रद्धा म्हणाली. "पहिल्या घासालाच आला. वाटलं, टाकून द्यावी." ती संकोचून हसली, आपलीच काही चूक झाल्यासारखी. "पण मग म्हटलं, काकूंनी पाठवलीय. काकूंच्या घरची आमटी खराब कशी असेल?"